आग विझविणारे हात

आग लागल्याची हाक कानी आली म्हणजे माणसे दोन प्रकारांनी धावतात. काही पाहावयास धावतात आणि काही विझविण्यास धावतात. दुरून बघणाऱ्यास या दोन धावांत भेद दिसत नाही. जागेवर पोहोचल्यावर मात्र तो तत्काळ कळतो. पाहावयास आलेल्यांची गर्दी जसजशी वाढते तसतशी वाट अडते. विझविण्यास आलेल्यांची मात्र रांग लागते आणि विहिरीपासून जळत्या घरापर्यंत घागरी हातोहात चालू लागतात. माणसे तीच, गाव तेच, भीतीही तीच. परंतु एके ठिकाणी गर्दी होते आणि दुसऱ्या ठिकाणी रांग. गर्दीची रांग कशी होते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. स्वयंसेवक या शब्दाचा सारा अर्थ या एका प्रश्नात साठविलेला आहे.

बारडोली म्हटले की १९२८ चा साराबंदीचा लढा आणि वल्लभभाई पटेल यांना तेथे लाभलेली ‘सरदार’ ही पदवी आठवते. ते यथायोग्यच आहे. तथापि सुरत जिल्ह्यातील या तालुक्याच्या इतिहासाचा आणखी एक धडा आहे आणि तो कराच्या आकड्यांहून अधिक काळ टिकणारा आहे. सामान्य शेतकऱ्याने, विद्यार्थ्याने वा गृहिणीने शेजाऱ्यावर संकट आले असता उपयोगी पडावयाचे तर काय शिकावे लागते, याची परीक्षा बारडोलीत दोनदा झाली. पहिल्या वेळी दूरच्या एका आगीमुळे बारडोलीला हाती घेतलेले काम खाली ठेवावे लागले. दुसऱ्या वेळी, चहूकडे सरपण रचलेले असताना, तेथे ठिणगी पडू दिली गेली नाही.

अफाट आग म्हणजे काय, हे सुरत प्रांताला ऐकीव नव्हते. १८३७ च्या एप्रिल महिन्यात सुरत शहर तीन दिवस जळत होते. या आगीत ९,३७३ घरांची राख झाली आणि शहर व उपनगरे मिळून सुमारे दहा मैल लांबीचे रस्ते तिने गिळले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तापीला अभूतपूर्व पूर आला आणि आगीतून जे वाचले होते ते पाण्यात गेले. एके काळी मक्केची वाट आणि मोगलांचे बंदर म्हणून नावाजलेले हे शहर त्या वर्षी पुरते खचले.

अशा आगीपुढे पाण्याच्या घागरी अपुऱ्याच पडतात. दाट वस्तीतील लाकडी घरांची आग एकदा भडकली म्हणजे जळणाऱ्या घरावर पाणी ओतण्यापेक्षा त्याच्या पुढची, अद्याप न पेटलेली घरे पाडून ज्वाळांच्या वाटेत मोकळी जागा करणे हाच खरा उपाय असतो. परंतु कोणाचे घर पाडावयाचे? आणि ते पाडा असे कोणी सांगावयाचे? १६६६ साली लंडन शहर पेटले तेव्हा तेथील नगरप्रमुख ब्लडवर्थ याच पेचात सापडला होता. लोकांची धड घरे पाडण्याचा हुकूम देण्यास तो आरंभी कचरला आणि आग चार दिवस पसरत राहिली. ज्याचे म्हणणे सर्वांनी ऐकावे असा कोणी नसेल, अथवा असून त्याचा निश्चय होत नसेल, तर हजारो हातही निरुपयोगी ठरतात, हे त्या आगीने शिकविले.

म्हणून आग विझविण्याची व्यवस्था ही मुळात पाण्याची नसून माणसांची व्यवस्था आहे. आणि माणसांची व्यवस्था म्हटली की राज्यकर्त्यांच्या मनात शंका उभी राहतेच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्यातील निकोमीडिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमित, या शहरात मोठी आग लागली. तेथील सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजन यास पत्र लिहून कळविले की लोक स्वस्थ उभे राहून नाश पाहत होते आणि शहरात पाण्याचा पंप नव्हता की बादली नव्हती. केवळ दीडशे माणसांचे एक अग्निशामक मंडळ स्थापण्याची परवानगी त्याने मागितली. सम्राटाने ती नाकारली. माणसे कोणत्याही नावाने आणि कोणत्याही हेतूने एकत्र आली तरी त्यांचे लवकरच राजकीय कंपू बनतात, असे त्याचे मत होते. साधने पुरवावीत, घरमालकांनी ती वापरावीत आणि वेळ पडल्यास जमलेल्या जमावाची मदत घ्यावी, एवढेच त्याने सुचविले. सम्राटाला गर्दी चालत होती. रांगेचे मात्र भय वाटत होते.

या भयाच्या अगदी उलट दृष्टी १७३६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात दिसते. त्या वर्षी बेंजामिन फ्रँकलिन व त्याचे शेजारी यांनी ‘युनियन फायर कंपनी’ काढली. सभासदांची संख्या तीस ठेवण्यात आली. प्रत्येकाने चामड्याच्या ठराविक बादल्या आणि सामान वाचवून नेण्यासाठी पिशव्या घरात नेहमी सज्ज ठेवावयाच्या, महिन्यातून एकदा जमून आगीसंबंधी विचारविनिमय करावयाचा आणि जो गैरहजर राहील त्याने दंड भरावयाचा, असे नियम होते. त्या दंडाच्या पैशांतून पुढे बंब, शिड्या व आकडे घेतले गेले. तिसांहून अधिक लोक येऊ लागले तेव्हा त्यांना आपापल्या वस्तीत निराळी मंडळी काढण्यास सांगण्यात आले. आज जर्मनीतील बहुसंख्य गावांची आणि दक्षिण अमेरिकेतील चिली या संपूर्ण देशाची अग्निशामक सेवा स्वयंसेवकांच्या बळावर चालते. या व्यवस्थेचे मर्म फ्रँकलिनच्या त्या दंडात आहे. आगीच्या दिवशी धावून येण्यास उत्साह पुरतो. आग नसलेल्या महिन्यात सभेस येण्यास शिस्त लागते.

हिंदुस्थानात स्वयंसेवक हा शब्द घरोघर पोहोचला तो असहकाराच्या चळवळीत. १९२१ च्या अखेरीस सरकारने काँग्रेस आणि खिलाफत यांची स्वयंसेवक पथके बेकायदेशीर ठरविली. ट्रेजनची शंका अठरा शतकांनंतर येथे कायद्याच्या रूपाने अवतरली होती. त्यास उत्तर म्हणून डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेसने लोकांस अधिकच संख्येने स्वयंसेवक होण्याचे आवाहन केले आणि त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्र सिद्ध केले. वाणीने व कृतीने अहिंसक राहणे, खादी वापरणे, अस्पृश्यता पाप मानणे, सर्व धर्मीयांच्या ऐक्यासाठी झटणे आणि तुरुंगवास सोसणे अशी ती प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञापत्रे गावोगाव भरली जाऊ लागली. सही करणे सोपे होते. सहीमागे उभे राहण्याचा अभ्यास मात्र थोड्याच ठिकाणी झाला होता.

देशव्यापी कायदेभंगाचा पहिला प्रयोग एका लहान, सज्ज अशा तालुक्यात व्हावा, म्हणून गांधीजींनी बारडोलीची निवड केली. २९ जानेवारी १९२२ रोजी तालुक्याच्या परिषदेने तसा ठराव केला आणि १ फेब्रुवारीस गांधीजींनी व्हाइसरॉयना अखेरचे पत्र लिहिले. बारडोली सिद्ध होती. आणि त्याच आठवड्यात, शेकडो कोस दूर, संयुक्त प्रांताच्या गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे आग पेटली.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी तेथे स्वयंसेवकांची मोठी मिरवणूक पोलीस ठाण्यावरून चालली होती. काही दिवसांपूर्वी पोलिसांनी स्वयंसेवकांस मारहाण केली होती, तिचा राग मनात धुमसत होता. ठाण्याशी बाचाबाची झाली, दगड सुटले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे पडली. पोलीस ठाण्याच्या इमारतीत शिरले तेव्हा जमावाने तिला आग लावली. बावीस पोलीस प्राणास मुकले. त्या जमावात प्रतिज्ञापत्रांवर सह्या केलेले लोक होते. सकाळी ज्यांची रांग होती त्यांची दुपारी गर्दी झाली, आणि त्या गर्दीत आग लावणारे हात पुष्कळ निघाले. विझविणारा एकही पुढे आला नाही.

गांधीजी त्या वेळी बारडोलीत होते. ११ व १२ फेब्रुवारीस तेथेच काँग्रेस कार्यकारिणी भरली आणि कायदेभंग तहकूब करण्याचा ठराव झाला. केवळ सरकारला डिवचण्यासाठी निघणाऱ्या स्वयंसेवकांच्या मिरवणुका बंद कराव्यात आणि चरखा, राष्ट्रीय शाळा, दारूबंदी, अस्पृश्यतानिवारण व पंचायती ही कामे हाती घ्यावीत, असे सांगण्यात आले. गांधीजींनी पाच दिवसांचे उपोषण केले. तुरुंगात असलेल्या अनेक पुढाऱ्यांना हा निर्णय मानवला नाही. गोरखपूरच्या एका खेड्यातील अपराधासाठी साऱ्या देशाने का थांबावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही इतिहासकारांत विचारला जातो. त्या प्रश्नाला राजकारणाच्या अंगाने अनेक उत्तरे आहेत. स्वयंसेवकाच्या अंगाने मात्र उत्तर एकच आहे. आज्ञा मोडली जाते असे दिसताच काम थांबवून माणसे पुन्हा शिकविणे, हे प्रत्येक अग्निशामक पथकाच्या नायकाचे पहिले कर्तव्य असते.

यानंतरची सहा वर्षे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारशी आली नाहीत. परंतु खरी घडण याच काळात झाली. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात प्रांतोप्रांतीचे स्वयंसेवक रोजच्या रोज, ठरल्या वेळी, ठरल्या संख्येने पुढे येऊन अटक करवून घेत होते. त्याचे सूत्र अखेरच्या टप्प्यात वल्लभभाईंच्या हाती होते. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी त्या अनुभवातून ‘हिंदुस्थानी सेवा दला’ची उभारणी केली, उत्साह पुष्कळ आहे, कवायत नाही, ही उणीव त्यांनी अचूक हेरली होती. इकडे बारडोली तालुक्यात सरभोण, वेडछी अशा गावी आश्रम उभे राहिले. कल्याणजी व कुंवरजी मेहता हे बंधू, जुगतराम दवे आणि त्यांचे सहकारी सूत, शिक्षण व दारूबंदी यांची कामे करीत खेड्यांत मुरले. कोणत्या घरात म्हातारी एकटी राहते, कोणाची विहीर उन्हाळ्यात आटते, कोणाचे कोणाशी वैर आहे, हे त्यांना ठाऊक झाले. संकटाच्या वेळी नकाशापेक्षा या माहितीचा उपयोग अधिक होतो.

मग १९२७ च्या जुलैमध्ये गुजरातेत अतिवृष्टीने हाहाकार उडविला. वल्लभभाई तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी प्रांतिक काँग्रेसचे स्वयंसेवक पूरग्रस्त गावांत पाठविले. अन्न आणि पुढे पेरणीचे बी हे सारे चिखलातून, तुटलेल्या रस्त्यांवरून पोहोचवावयाचे होते. तेथे भाषणांस वाव नव्हता. पोते उचलून नेमल्या गावी नेणे आणि हिशेब देणे एवढेच होते. सहा महिन्यांनी बारडोलीत जे कार्यकर्ते उतरले त्यांच्या मागे अशा कामाची तालीम होती.

त्या वर्षी सरकारने बारडोलीच्या जमिनीचा सारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढविला होता. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी शपथ घेतली की जुना सारा पूर्ण म्हणून स्वीकारावा अथवा निःपक्षपाती चौकशी नेमावी. तोवर एक पैही भरावयाची नाही. तालुक्यात १३७ गावे होती. वल्लभभाईंनी त्यांचे विभाग पाडले, प्रत्येक विभागात छावणी बसविली आणि तिच्यावर एकेक प्रमुख नेमला. रविशंकर महाराज, दरबार गोपाळदास, डॉ. चंदुलाल देसाई, मोहनलाल पंड्या, वृद्ध अब्बास तय्यबजी अशी ती मंडळी होती. मिठूबेन पेटिट, भक्तिबा आणि मणिबेन पटेल यांनी स्त्रियांत काम केले. रोजची ‘सत्याग्रह पत्रिका’ गावोगाव जाई, त्यामुळे अफवेला घर करण्यास जागा उरत नसे.

ही सारी रचना एखाद्या आदर्श अग्निशामक दलाची वाटते. पहारा होता, जप्तीचा अधिकारी शिवेवर दिसताच ढोल अथवा शंख वाजे. इशाऱ्यासरशी करावयाचे काम ठरलेले होते. घरांना कुलपे लागत आणि गुरे आत घेतली जात. निरोप पोहोचविण्याची साखळी होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज्ञा एकाच ठिकाणाहून निघत होती. प्रसंग क्षोभाचा होता. म्हशी जप्त होऊन मातीमोलाने विकल्या जात होत्या, जमिनी खालसा झाल्याच्या नोटिसा दारावर लागत होत्या, जप्तीच्या कामी पठाण आणले गेले होते आणि त्यांच्या वर्तनाच्या तक्रारी वाढत होत्या. चौरीचौऱ्यात जो राग दुपारभरात भडकला, तसा राग येथे जवळजवळ सहा महिने रोज नव्याने पेरला जात होता. एका गावात एक काठी उगारली गेली असती तरी सरकारास लष्कर आणण्यास निमित्त मिळाले असते. तसे निमित्त बारडोलीने दिले नाही.

६ ऑगस्ट १९२८ रोजी समेट झाला. कैदी सुटले, जमिनी परत मिळाल्या, राजीनामे दिलेले पाटील व तलाठी कामावर घेतले गेले. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीने पुढे बावीस टक्क्यांच्या जागी सुमारे सहा टक्के वाढच न्याय्य ठरविली. महादेवभाई देसाई यांनी या लढ्याचा सविस्तर वृत्तान्त लिहून ठेवला आहे. तो वाचताना जाणवते की बारडोलीचे यश एखाद्या मोठ्या दिवसाचे नव्हते. ते शेकडो लहान दिवसांचे होते, ज्या दिवशी काहीच पेटले नाही. आग न लागलेल्या दिवसाची बातमी होत नाही. परंतु पहारेकऱ्याचे श्रम त्या दिवशीच फळास आलेले असतात.

तथापि या चित्रातील एक सावली झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. लढा जमीनधारकांच्या साऱ्याचा होता. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी राबणारे हाळी, ज्यांना तेव्हा दुबळा म्हणत आणि पुढे हळपती हे नाव मिळाले, त्यांच्या झोपड्यांवर साऱ्याची नोटीस लागत नव्हती. कारण त्यांच्यापाशी जमीनच नव्हती. आश्रमांतील कार्यकर्त्यांनी आदिवासींत शाळा काढल्या, जुगतराम दवे यांनी वेडछीस आपले आयुष्य वेचले, हे खरे. परंतु शेजारधर्माची मर्यादा कोठवर, हा प्रश्न १९२८ च्या विजयाने सुटला नाही. आगीपुढे तो अधिकच टोकदार होतो. गवताचे छप्पर कौलांच्या आधी पेटते. ज्या गावात विहिरीवर जातीची रांग असेल तेथे आगीच्या वेळी घागरींची रांग लागणार कशी? म्हणून अस्पृश्यता पाप मानण्याचे कलम स्वयंसेवकाच्या प्रतिज्ञेत असणे ही केवळ धर्मसुधारणा नव्हती; ती शेजाऱ्याच्या हातात हात देण्याची पहिली अट होती.

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले तेव्हा राज्यसंस्थेची दृष्टीही पालटली. त्यापूर्वी दोन वर्षे मुंबईने आगीचे सर्वांत भीषण रूप पाहिले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजातून दुपारी दोनच्या सुमारास धूर निघू लागला. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटके होती. बंबवाले पाण्याचा मारा करीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाजाचा स्फोट झाला. अग्निशामक दलाच्या ६६ जणांनी त्या दिवशी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते पगारी जवान होते. परंतु नोकरीचा करार माणसाला जळत्या जहाजावर दोन तास उभा करू शकत नाही. तेथे पगाराच्या पलीकडची एक प्रतिज्ञा काम करीत असते आणि ती स्वयंसेवकाच्याच जातीची आहे.

६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी गृहरक्षक दलाची स्थापना केली. सुरत आणि बारडोली त्या वेळी मुंबई प्रांतातच होती. १ मे १९६० रोजी ती गुजरात राज्यात गेली. नागरिकांनी आपापला व्यवसाय सांभाळून शिक्षण घ्यावे, दंगलीच्या काळी शांतता राखण्यास आणि आग, पूर, साथ अशा प्रसंगी लोकांच्या मदतीस उभे राहावे, ही त्यामागची कल्पना होती. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मुंबई प्रांताने स्वयंसेवकांना तुरुंगात टाकले, त्याच प्रांताने त्यांना आता गणवेश देऊ केला. पुढे १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने नागरिकांच्या अशा सेवेस देशभर अधिष्ठान दिले आणि २००९ च्या दुरुस्तीने तिचे क्षेत्र नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींपर्यंत वाढविले. १९९२ च्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातली. म्हणजे कायद्याची चौकट आहे. ती भरावयास माणसे हवीत.

ती का हवीत, हे सुरतेने अलीकडे अतिशय कठोरपणे अनुभविले. २४ मे २०१९ रोजी शहराच्या सरथाणा भागातील तक्षशिला या इमारतीत आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. जीव वाचविण्यासाठी मुलांनी खाली उड्या टाकल्या आणि २२ जण मृत्यू पावले. रस्त्यावर जमलेल्यांत काही पाहणारे होते आणि काही जिवावर उदार होऊन भिंतीवर चढून मुलांना उतरवून घेणारे होते. अशा वीरांचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. परंतु समाजाने आपली सुरक्षितता योगायोगाने तेथे असलेल्या वीरावर सोपवू नये. एखाद्याच्या अंगी उपजत धैर्य असते. इतरांच्या अंगी ते अभ्यासाने येते, आणि हे दुसरे धैर्य गावागावात पेरता येते.

बारडोली सुरतेपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. उकाई आणि काकरापार यांच्या कालव्यांनी हा मुलूख उसाचा झाला. तेथील सहकारी साखर कारखाना देशातील मोठ्या कारखान्यांत गणला जातो. दर हंगामास तापीच्या खोऱ्यातून खानदेशचे ऊसतोड मजूर या भागात येतात आणि फडांच्या कडेला खोपटी घालून राहतात. वाळलेले पाचट, चुलीतील विस्तव आणि कडब्याचे छप्पर एकत्र आले म्हणजे काय होऊ शकते, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. अशा वस्तीवर बंब पोहोचेपर्यंतची जी दहा-पंधरा मिनिटे असतात, ती गावाचीच असतात. त्या अवधीत आग एक तर विझते, नाही तर हाताबाहेर जाते.

या मिनिटांसाठी स्वयंसेवक व्हावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? ज्वाळांत उडी घेणे हे त्याचे काम नव्हे. योग्य साधनांवाचून धुरात शिरणारा माणूस बहुधा सुटका करावी लागणाऱ्यांत एकाची भर घालतो. त्याने आधी बंबास वर्दी द्यावी आणि एक माणूस नाक्यावर उभा करून वाट दाखवावी. विजेचा मुख्य खटका कोठे आहे, गॅसची टाकी कशी बंद करावी, हे त्याला माहीत असावे. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये, झाकण घालून त्याची हवा तोडावी. धुरातून निघताना जमिनीलगत सरपटावे. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. घरात माणसे किती होती व बाहेर किती आली याची मोजदाद कोणी तरी एकाने करावी. जवळची विहीर, कालवा, टाकी यांची वाट मोकळी ठेवावी. आणि पथकाचा नायक जे सांगेल ते, मनास न पटले तरी, त्या वेळी ऐकावे. वाद दुसऱ्या दिवशी घालावा. यातील एकही गोष्ट अवघड नाही. आग पाहिल्यावर मात्र यातील एकही सुचत नाही. म्हणूनच ती महिन्यातून एकदा, काहीही जळत नसताना, हातांना शिकवावी लागते.

घर पेटल्यावर विहीर खणावयास निघू नये, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. विहिरींची संख्या मोजता येते आणि बंब विकतही मिळतो. हातांची रांग मात्र ज्या त्या गावाला आपल्याच माणसांतून उभी करावी लागते. ट्रेजनला तिचे भय वाटले, फ्रँकलिनने तिला दंडाची शिस्त लावली, चौरीचौऱ्यात ती तुटली आणि बारडोलीने सहा वर्षे खपून ती पुन्हा जोडली. त्या सहा वर्षांत जे झाले ते कोणत्याही गावाला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी महात्म्याची वाट पाहावी लागत नाही. शेजाऱ्याचे घर आपल्या घरापासून किती हात अंतरावर आहे, एवढे ध्यानात घ्यावे लागते.